आई-बाबांच्या मनाचं काय?

जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. निदान बाळाचं होतं, झोप मात्र घरातल्या मोठ्यांची उडते. २०१७ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन हार्ट असोसिएशन’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार, गंभीर हृदयदोष असलेल्या मुलांच्या २५ ते ५० टक्के पालकांमध्ये नैराश्याची किंवा चिंतेची ठळक लक्षणं दिसली.

रात्री चार-चारदा उठून बाळाचा श्वास पाहणं, डॉक्टरांनी सांगितलेलं घरी येईतो विसरणं, एकमेकांवर विनाकारण डाफरणं. त्यात ‘गरोदरपणात ग्रहण पाळलं नाहीस ना?’ असं आईला ऐकवणारे नातेवाईक! ग्रहणाचा इथे काडीचाही संबंध नाही. बहुतेक मुलांत या दोषाचं एकच नेमकं कारण सापडत नाही.

हुबळी-धारवाडकरांना मनाच्या उपचारांसाठी बंगळुरू गाठायची गरज नाही. धारवाडातच ‘डिमहान्स’ ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. तिचं मूळ ब्रिटिशकालीन मनोरुग्णालयात असलं, तरी तिथे जायला बिचकायचं कारण नाही. काळजीने पोखरलेल्या पालकांनीही तिथे जरूर दाखवावं.

घराबाहेर पडणंच अवघड असेल, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी ती सुरू झाली. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत. कन्नडबरोबर मराठीतही बोलता येतं. फक्त आईनेच नव्हे, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्या बाबांनीही हा क्रमांक फिरवावा.