थंडीतली धाव आणि तुपातलं ताट (भाग ७) : तवा एक, माणसं पाच

रविवारच्या लांब धावेचं वेळापत्रक आज देणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. सावेडीतल्या एका ताईंचं पत्र आलं आहे आणि ते वाचल्यापासून दुसऱ्या कशावर लिहायला मन घेत नाही.

त्यांचे यजमान ४६ वर्षांचे. दिवाळी झाल्यावर केटो, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि तूप-लोणी भरपूर असा आहार, धरलं, पहाटे पळायला लागले, सहा किलो उतरले. आता त्यांना वाटतंय की सगळ्या घरानेच हे करावं. मुलगा २० वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय. मुलगी आठवीत आहे. सासूबाईंना बारा वर्षांची शुगर आहे. ताई लिहितात, "दोन-दोन स्वयंपाक करून जीव जातो. सगळ्यांचं एकच झालं तर मलाही बरं. पण भोगी तोंडावर आली, बाजरीच्या भाकरीचं काय करू?" आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तशी एक ओळ : "सासूबाईंनी चार दिवसांपासून भाकरी सोडली आहे, सकाळी जरा थरथरल्यासारखं होतं म्हणतात, थंडी फार आहे ना."

ही ओळ वाचली आणि मी आधी फोन केला, मग लिहायला बसलो.

म्हणून सुरुवात सासूबाईंपासून. शुगरच्या अनेक रुग्णांना ग्लिमेपिराइडची गोळी असते. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ताटात भाकरी आहे की नाही, हे तिला कळत नाही. भाकरी गेली आणि गोळी तेवढीच राहिली, तर रक्तातली साखर नको तेवढी खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं. डिसेंबरच्या पहाटे नगरला पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा म्हातारं माणूस थरथरलं तर घरचे अंगावर आणखी एक गोधडी टाकतात. अशा वेळी गोधडीच्या आधी बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर बघा. आकडा ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन. २०२० मध्ये तिचं पेटंट संपलं, किंमत उतरली, आणि आता ती खेड्यापाड्यातल्या औषधाच्या दुकानातही मिळते. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते. चांगलं औषध आहे, पण केटोशी तिचं जमत नाही. दोन्ही एकत्र आले की रक्तात आम्लता वाढण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी शुगरचा आकडा फार चढलेला नसतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं ही त्याची खूण. कर्बोदकं कमी केल्याने शुगरच्या माणसाला फायदा होतो, हे मी या लेखमालेत मान्य केलेलंच आहे. पण क्रम चुकवायचा नाही : आधी डॉक्टर, मग डोस, मग ताट.

आता मुलगा. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटरचे. ते पुरेपूर हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांत धाव संपली पाहिजे. एवढ्या वेगाला शरीर मुख्यतः स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन जाळतं, आणि ग्लायकोजेन येतं भाकरी, भात, गूळ, केळी यांतून. चरबीतून ऊर्जा मुबलक मिळते, पण तेवढ्याच ऊर्जेसाठी प्राणवायू जास्त लागतो. निवांत धावेत ते जाणवत नाही. दम छातीत मावत नसतो तेव्हा जाणवतं.

हे मला आधी पायांनी शिकवलं. केटोच्या तिसऱ्या आठवड्यात चांदबिबी महालाच्या चढाला लागलो. सपाटीवर गडी मजेत होता. चढाच्या मध्यावर असा थांबलो की एरवी मागे राहणारे दोघे पुढे निघून गेले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या लुईस बर्क यांचा २०१७ चा अभ्यास वाचला तेव्हा उलगडा झाला. त्यांनी जागतिक दर्जाच्या चालपटूंना तीन आठवडे वेगवेगळा आहार देऊन कसून सराव करून घेतला. कर्बोदकं खाणाऱ्या दोन्ही गटांची दहा किलोमीटरची वेळ पाच ते सात टक्क्यांनी सुधारली. केटोवाल्यांची चरबी जाळायची ताकद खूप वाढली, पण वेळ सुधारली नाही, कारण तेवढ्याच वेगाला त्यांना प्राणवायू जास्त लागत होता.

नगरच्या मैदानांवर भरतीच्या पोरांच्या तोंडी अविनाश साबळेचं नाव असतं. साहजिकच आहे, आष्टी तालुक्यातलं मांडवा म्हणजे आपलं शेजारघर. ३००० मीटर स्टीपलचेस त्याने २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत मारली. त्या वाटेने जायचं स्वप्न असेल तर पोराच्या ताटातली भाकरी काढू नका. उलट सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या पोटात भाकरी आणि अंडी गेली पाहिजेत.

धाकटीसाठी उत्तर याहून सोपं आहे. लहान मुलांचं केटो हे मुळात औषध आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी हा आहार सुचवला आणि 'केटोजेनिक' हे नावही त्यांनीच दिलं. फिट गोळ्यांनी आटोक्यात येत नाहीत अशा मुलांना तो आजही देतात, पण ग्रॅमवर तोलून, आणि वाढ व मूत्रपिंड यांवर डॉक्टरांची नजर ठेवून. वाढत्या वयाच्या निरोगी मुलीला घरच्या घरी हे औषध देऊ नये.

राहिले यजमान. त्यांनी खुशाल चालू ठेवावं, पण तीन गोष्टी ध्यानात घेऊन. पहिली : सहा किलोंतले दीड-दोन किलो पाण्याचे आहेत. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. साठा उतरला की ते पाणीही जातं. उरलेले किलो त्यांच्या कष्टाचे. दुसरी : इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंड मीठ बाहेर टाकतं. त्यात थंडीत तहान लागत नाही आणि लघवीला मात्र जास्त होते. पोटऱ्यांत गोळे येणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं यामागे बहुतेकदा हेच असतं. पळून आल्यावर पाणी आणि मटणाचं खारट सूप घ्यावं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारावं. तिसरी : तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल तपासावं. काहींचं केटोवर फार चढतं.

आणि ताई, तुमचा तवा. एका भाकरीला साठेक ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे पस्तीस-छत्तीस ग्रॅम कर्बोदकं. कडक केटोत दिवसाला २० ते ५० ग्रॅम चालतात. म्हणजे यजमानांची एका भाकरीतच जवळजवळ सगळी मुभा संपते. पण कालवण कशाला वेगळं करायचं? मेथी, वांग्याचं भरीत, अंड्याचा रस्सा, मटण एकाच पातेल्यात होऊ द्या. कारळ्याची, जवसाची, तिळाची चटणी सगळ्यांना चालते. भाकरी चौघांच्या ताटात वाढा, यजमानांच्या ताटात तिच्याऐवजी दोन अंडी नाहीतर पनीर, आणि वर लोणी. ती अंडी त्यांनी स्वतः उकडून घ्यावीत. आहार ज्याने निवडला, त्याचे जास्तीचे कष्टही त्यानेच घ्यायचे, हे मी माझ्या घरी शिकलो आणि तेव्हापासून आमच्याकडे या विषयावर कुरबुर झालेली नाही. तुम्ही स्वतः काय खायचं, हे पत्रात कुठेच नाही. चौथी भाकरी तुमची आहे, ती गरम असतानाच खा.

भोगीला तीळ लावलेल्या भाकऱ्या नेहमीसारख्या थापा. यजमानांना त्या दिवशी अर्धी घ्यावीशी वाटली तर घेऊ द्या. दोन-तीन दिवसांत शरीर पुन्हा चरबीवर येतं.

वेळापत्रक पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर ताईंना आणि ज्यांच्या घरी शुगरचं माणूस आहे अशा सगळ्या वाचकांना एकच विनंती : ताटातली भाकरी कमी करण्याआधी त्यांच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि डॉक्टरांसमोर नेऊन ठेवा.