जामीन झाला, पण जामीनदार कुठून आणायचा?

वस्तीतला एखादा मुलगा चोरीच्या संशयावरून उचलला जातो. महिन्याभराने न्यायालय त्याला जामीन मंजूर करते. तरीही तो तुरुंगातच राहतो, कारण जामीनदाराचा सातबारा किंवा घरफाळ्याची पावती लागते आणि नात्यात कुणाच्याच नावावर जमीन वा घर नसते. जात आणि तुरुंग यांचे नाते समजायला एवढा एक कागद पुरेसा आहे.

यावर उपाय कायद्यातच आहे. 31 जानेवारी 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार, जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. मग अर्ज करून अटी शिथिल करून घेता येतात. पण त्या मुलाच्या घरी जाऊन माहिती कोण आणणार? अर्जाचा पाठपुरावा कोण करणार? हे काम पोलिसांचे नाही, आणि एकट्या वकिलाच्याने ते होत नाही. इथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ता लागतो. आम्ही ज्या करिअरविषयी लिहीत आहोत ते हेच.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशातील 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन. अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे पाचातला एक.

कोल्हापूरला हा विषय नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये गुन्हेगार ठरवलेल्या जातींची हजेरी बंद केली आणि अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. जन्मावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही, हे संस्थानाने तेव्हा मान्य केले. तुरुंगाच्या नियमावल्यांतून मात्र जात गेली नव्हती. पत्रकार सुकन्या शांता यांनी तो विषय लावून धरला, न्यायालयात नेला, आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कामे वाटणारे नियम रद्द केले. या लढ्याची सुरुवात एका पत्रकाराच्या बातमीदारीतून झाली, हे वकील नसलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

मुलांच्या बाबतीत तर शाळेचा एक दाखला आयुष्य बदलतो. बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. वय ठरवताना आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. या यादीत आधार कार्ड नाही. घटनेवेळी आपण अल्पवयीन होतो, हा दावा निकाल लागून गेल्यावरही करता येतो. ऊसतोडीमुळे दोन-तीन शाळा बदललेल्या मुलाचा दाखला शोधून आणणे हे म्हणूनच कारकुनी काम नव्हे.

यात यायचे कसे? दहावी झालेल्या कुणालाही विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करता येतो. मानधन तुटपुंजे आहे, पण न्यायालय आणि तुरुंग आतून कळतात. पुढे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी किंवा विधीचे शिक्षण घ्यावे; दोन्हींची सोय कोल्हापुरातच आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून कैद्यांसोबत काम करतो. तिथल्या कामाची पद्धत जरूर अभ्यासावी. वकिली करणाऱ्यांसाठी ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आहे, त्यामुळे अपिलासाठी मुंबई गाठायला नको. पगार मात्र कमी, आणि बहुतेक नोकऱ्या प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या. घरची जबाबदारी असलेल्यांनी हे आधीच पाहावे.

बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक सदस्य बसतात, त्यांत एक महिला असावीच लागते. वय किमान 35 आणि मुलांसोबत सात वर्षांचे काम, ही पात्रता. त्या खुर्चीवर आपल्या वस्तीतली मुलगी बसायची असेल, तर तिने पंचविशीतच कामाला लागून अनुभवाचे प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवायला हवे.