सुट्टीची बचत

आपण बचत गटात पैसे टाकतो ते बियाणं, शाळा, दवाखाना यांसाठी. इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणी कामगार सुट्टीसाठीही बचत करत. आज आम्ही त्याबद्दल सांगणार आहोत.

ओल्डहॅम, बर्नली, ब्लॅकबर्न ही सुती गिरण्यांची शहरं. प्रत्येक शहरातल्या गिरण्या वर्षातून एकदा आठवडाभर एकदम बंद राहत. या सुट्टीला 'वेक्स' म्हणत. त्या दिवसांचा पगार मिळत नसे. भरपगारी सुट्टीचा कायदा आला तो १९३८ साली. म्हणून कामगार वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे क्लबात भरत. सुट्टी लागली की शेजारपाजारच्यांसह रेल्वेनं ब्लॅकपूलच्या समुद्रावर!

तिथे राहायला घरगुती खोल्या मिळत. बरीच कुटुंबं शिधा सोबत नेत आणि घरमालकीण तो रांधून देई. मागावर आणि घरात, दोन्हीकडे राबणाऱ्या बाईची चूल आठवडाभर सुटायची. एकीचा विसावा ही दुसरीची कमाई असे.

पुढे परदेशी स्वस्त कापडासमोर गिरण्या टिकल्या नाहीत. १९६० नंतर त्या भराभर बंद पडल्या. ज्यांना परवडलं ते विमानानं स्पेनला जाऊ लागले. अख्ख्या शहराची एकत्र सुट्टी मागे पडली. तिथली म्हातारी माणसं आजही ते दिवस आठवतात. गिरणीतले कष्ट कोणाला परत नकोत. हळहळ वाटते ती त्या सोबतीची.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या वहीत आपल्या विसाव्यासाठी एखादा रकाना आहे का? पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.