एका ग्रॅमची साक्ष

आज बोलूया माती तपासणीबद्दल.

आधी माझीच चूक सांगते. पहिल्यांदा माती तपासायला नेली ती गोठ्यामागची. घराजवळ होती, उकरायला सोपी. अहवाल आला : सेंद्रिय कर्ब भरपूर! घरात सगळे खूश. त्या वर्षी शेणखत विकून टाकलं. खरं तर लांबच्या पट्टीतली माती भुकेलेली होती. ज्वारी पिवळी पडली तेव्हा कळलं. प्रयोगशाळा खोटं बोलली नव्हती. मीच चुकीची माती नेली होती.

प्रयोगशाळेत काय होतं ते ऐका. माती सावलीत वाळवतात, लाकडी खलात हलक्या हाताने कुटतात, चाळतात. कर्बासाठी आणखी बारीक चाळतात. मग त्यातली फक्त एक ग्रॅम, चिमूटभरच म्हणा, काचेच्या चंबूत घेतात. त्यात पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण आणि तीव्र गंधकाम्ल घालतात. चंबू चटका बसेल इतका तापतो. अर्धा तास तसाच ठेवतात. मातीतला कर्ब जितका जास्त, तितकं नारिंगी द्रावण खर्ची पडतं. उरलं किती, हे दुसरं द्रावण थेंब थेंब सोडून मोजतात. शेवटी रंग हिरवा झाला की थांबायचं. वॉकली आणि ब्लॅक या शास्त्रज्ञांनी १९३४ साली ही पद्धत मांडली. जंगलाची माती आणि शेताची माती यांची तुलना करणारे अभ्यासकही ती वापरतात.

आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते. तिच्यातही कर्ब असतो, पण तो पिकाच्या कामाचा सेंद्रिय कर्ब नव्हे. या पद्धतीत तो मोजला जात नाही, हे बरंच आहे.

आता हिशोब करा. एक एकरातली वीतभर खोलीची माती साधारण नऊ लाख किलो भरते. तिची साक्ष देणार एक ग्रॅम! म्हणून ती माती गोळा करण्याचं काम सगळ्यात मोठं. आणि ते आपल्या हातात आहे.

पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी माती घ्या. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, जनावरं बांधायची जागा सोडा. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करा, वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. सगळी माती स्वच्छ कापडावर मिसळा. चार वाटे करा, समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. हलकी आणि भारी जमीन एकत्र करू नका. खताच्या रिकाम्या पिशवीत तर माती भरूच नका. कापडी पिशवीत चिठ्ठी टाका : नाव, गट नंबर, आधीचं पीक, पुढचं पीक.

अहवालात सेंद्रिय कर्बाचा रकाना बघा. ०.५ टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम, असं सर्वसाधारणपणे धरतात. कर्ब म्हणजे गांडुळांचं आणि जिवाणूंचं अन्न. तो असला तर माती पाणी धरून ठेवते. कर्ब कमी आला तर काडीकचरा पेटवू नका, कुजवा.

दोन-तीन वर्षांनी त्याच हंगामात, त्याच पद्धतीने पुन्हा तपासा. तेव्हाच कळेल, आपली माती सुधारतेय की खंगतेय.

येत्या बैठकीला एक घमेलं आणि एक खुरपं घेऊन या. एकीच्या शेतात सगळ्या मिळून माती काढूया.