पहिल्या घावाआधी

झाड तोडण्यातले सर्वांत महत्त्वाचे काम कुऱ्हाड किंवा करवत हाती घेण्याआधीचे असते: झाड नीट निरखणे. बुंधा कुठे कलला आहे, फांद्यांचा भार कोणत्या बाजूला आहे, खोडात ढोली आहे का, शेंड्यात वाळकी फांदी अडकली आहे का, यावरून झाड कुठे पडेल याचा अंदाज येतो. मोकळ्या रानात झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत तोडणाऱ्याखेरीज कोणीही नसावे.

मांजरी बुद्रुकमध्ये एवढी मोकळी जागा आता सहज मिळत नाही. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ज्या शिवारात आहेत, तिथे शेताच्या बांधाला लागून इमारती उभ्या राहिल्या आहेत. ३० जून २०२१ रोजी हे गाव पुणे महापालिकेत आले. त्यामुळे झाड तोडण्याआधी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. झाड स्वतःच्या आवारातले असले तरी हाच नियम आहे.

वस्तीत झाड अखंड पाडणे बहुधा शक्य नसते. मग वरून फांद्या उतरवत यावे लागते. प्रत्येक फांदी दोराने बांधून खाली सोडावी आणि चढणाऱ्याच्या अंगावर सुरक्षा पट्टा असावाच. जवळून विजेची तार जात असेल, तर महावितरणने प्रवाह बंद केल्याची खात्री होईपर्यंत फांदीला हात लावू नये. ओली फांदी आणि भिजलेला दोर दोन्हींतून वीज वाहते, हे जीवावर बेतल्यावर कळून उपयोग नाही.

मोकळ्या जागी झाड अखंड पाडायचे असेल, तर पडण्याच्या दिशेला खोडाच्या जाडीच्या साधारण एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश खोलीची खाच घ्यावी. मागचा काप तिच्या तळापेक्षा किंचित वर, पण आरपार न जाणारा असावा. जाडीच्या सुमारे एक-दशांश लाकूड मध्ये राखले की ते बिजागरीसारखे काम करते आणि झाड ठरल्या दिशेने वळते. ही पट्टी कापली गेली, तर झाड कुठेही कोसळू शकते. करवत अडकू नये म्हणून मागच्या कापात पाचर ठोकतात.

निघून जाण्याची वाट मागे तिरकी, आधीच साफ केलेली हवी. बरोबर मागे उभे राहू नये. पडताना बुंधा उसळून मागे येतो. पावसाळ्यात, वाऱ्यात किंवा अंधार पडताना काम थांबवावे. झाड पडल्यावरही दबलेल्या फांद्यांत ताण उरतो. त्या कापताना फांदी ज्या बाजूला उसळेल तिथून दूर राहावे आणि खोड गडगडेल अशा उताराच्या बाजूला कोणी उभे नसल्याचे पाहूनच करवत लावावी.