बाळ पेटीत आहे

"बाळ पेटीत ठेवलंय." फोनवर एवढंच सांगून आजी एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराच्या काचेतून आत बघते, तेव्हा तिला बाळाआधी मॉनिटर दिसतो. ठोके १४८, ऑक्सिजन ९३. मध्येच ऑक्सिजनचा आकडा ७० वर येतो, अलार्म वाजतो, आजीच्या पोटात गोळा येतो. सिस्टर येतात, तळपायावरून निसटलेला प्रोब नीट बसवतात, आकडा परत ९४. बाळाला काहीच झालेलं नव्हतं. पुढच्या अलार्मला मात्र खरंच काही झालेलं असेल, तर? हा फरक यंत्राला कळावा म्हणून खपणाऱ्यांच्या क्षेत्राला बायोमेडिकल सिग्नल प्रोसेसिंग म्हणतात. इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना मी ते आवर्जून सुचवते.

इथे गोंगाट म्हणून टाकून द्यायच्या गोष्टीतच कधी कधी खरी माहिती दडलेली असते. जपानमधले ताकुओ आओयागी हृदयातून किती रक्त वाहतं ते रंगद्रव्य टोचून, कानातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावरून मोजू पाहत होते. नाडीमुळे आलेख सारखा हलायचा. ती हालचाल काढून टाकायच्या खटपटीत त्यांना उमगलं, की हलणारा भाग धमनीतल्या रक्ताचा आहे, म्हणजे ऑक्सिजन त्यावरूनच मोजता येईल. १९७४ सालच्या त्या कल्पनेवर आजचा पल्स ऑक्सिमीटर चालतो.

उलटही घडतं, गोंगाटच खरी माहिती वाटतो. अपुऱ्या दिवसांचं बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरतं. २० सेकंदांहून लांबलेला खंड धोक्याचा. छातीवरच्या इलेक्ट्रोडमधून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून, त्याला होणारा अडथळा कसा बदलतो यावरून मॉनिटर श्वास मोजतो. पण हृदयाच्या धडधडीनेही तो अडथळा जरासा बदलतो. श्वास थांबला की तेवढीच थरथर उरते आणि यंत्र तिलाच श्वास समजून गप्प बसू शकतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गटाने ठोक्यांचा हिस्सा गाळून खरे खंड शोधायची पद्धत बसवली.

याच विद्यापीठात रँडॉल मूरमन आणि पामेला ग्रिफिन यांनी दाखवलं, की जंतुसंसर्गाची लक्षणं बाहेर दिसण्याच्या काही तास आधीच ठोक्यांमधला नैसर्गिक चढउतार मंदावतो आणि वेग मधूनच घसरतो. त्यावरून त्यांनी धोक्याचा एक आकडा काढला. ९ एनआयसीयूंमधल्या, फार कमी वजनाच्या ३००३ बाळांवर चाचणी झाली. निम्म्या बाळांचा आकडा डॉक्टरांना दिसत होता, उरलेल्यांचा झाकलेला होता. आकडा बघून काय करायचं, याची सक्ती नव्हती. २०११ मध्ये निकाल आला: मृत्यूचं प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ८.१ वर. नवं औषध नाही, नवी सुई नाही. आधीपासून पडद्यावर असलेली रेघ नीट वाचली, एवढंच.

सगळे निकाल असे लख्ख नसतात. नवजात बाळाच्या मेंदूतले झटके पुष्कळदा अंगावर दिसतच नाहीत. मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी लागतो, आणि तो वाचणारा तज्ज्ञ मध्यरात्री हजर नसतो. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या जेराल्डीन बॉयलन यांच्या गटाने झटके ओळखणारा अल्गोरिदम युरोपातल्या आठ एनआयसीयूंत तपासला. २०२० मध्ये त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, की झटके येणारी बाळं ओळखण्यात यंत्राची मदत झाली नाही. झटक्यांचे तास मात्र ४५ ऐवजी ६६ टक्के सापडले. मला हा निबंध फार मोलाचा वाटतो.

हेलसिंकीत तर तीन तज्ज्ञांनी ७९ बाळांचे ईईजी स्वतंत्रपणे वाचले. ३९ बाळांना झटके आहेत आणि २२ जणांना नाहीत, यावर तिघांचं एकमत झालं. उरलेल्या १८ बाळांबाबत तज्ज्ञांचंच जमलं नाही. मग यंत्राला शिकवायचं ते कुणाचं उत्तर? अनेक पीएचड्या पुरतील एवढं काम या एका प्रश्नात आहे, आणि हा सगळा डेटा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो.

आपल्याकडे हे काम नव्याने करावं लागेल. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं अंग थंड ठेवण्याचा उपचार पश्चिमेत मेंदू वाचवतो. तोच भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तपासला, तेव्हा थंड ठेवलेल्या गटातच मृत्यू जास्त झाले, ४२ टक्के विरुद्ध ३१. २०२१ चा हा निकाल वाचल्यावर परदेशी बाळांवर घडवलेला अल्गोरिदम जसाच्या तसा आपल्या बाळाच्या उशाशी लावायला हात धजत नाही. आपली कमी वजनाची पुष्कळ बाळं अपुऱ्या दिवसांची नसतात, पोटातच वाढ खुंटलेली असतात.

आणि साधन महागडंच हवं असं नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९९२ मध्ये गावपातळीवर न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजायचं उपकरण मांडलं: मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, तर सावध व्हायचं. मोजायचं काय आणि कुणी, हे त्यांनी आधी ठरवलं होतं.

वाट कुठून सुरू होते? इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, बायोमेडिकल, काहीही चालेल. गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत जैवअभियांत्रिकीचा विभाग आहे. आयआयटी खरगपूर एमबीबीएस झालेल्यांनाही या वाटेवर घेते. पुढे संशोधनासाठी कॉर्क, हेलसिंकी, नेदरलँड्समधलं आइंडहोव्हन. सॉफ्टवेअर कंपनीतल्या मित्राचा पगार आणि आपली विद्यावृत्ती यांची तुलना पहिली काही वर्षं झोंबेल, आणि नैतिकता समितीची परवानगी मिळेपर्यंत महिने जातील, हेही आधीच सांगते.

तोवर हेलसिंकीची एक फाईल उघडा आणि प्रोग्रॅम लिहिण्याआधी एका बाळाचा ईईजी सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी वाचा. मग रीतसर परवानगी काढून एक रात्र एनआयसीयूत बसा. वहीत दोनच रकाने आखा: अलार्म किती वाजता झाला, आणि सिस्टरांनी काय केलं.