गावाचा कौल आणि केंद्राचा आकडा

पौडावरून आत वळले म्हणजे वाळकी नदीच्या खोऱ्यात, भातखाचरांच्या सोबतीने जाणारा रस्ता कोळवणास पोहोचतो. पुण्यापासून अंतर सुमारे ४० किलोमीटर. अशा गावांविषयी आपणां शहरवासीयांच्या दोन ठाम समजुती असतात. एक, तेथे मतदान भरघोस होते. दुसरी, गाव अमक्या पक्षाचे असते. दोहोंत तथ्य नाही असे नाही. पण आकडा कसा तयार होतो ते पाहिल्यावाचून त्या तथ्याचा उपयोग नाही.

टक्केवारी म्हणजे भागाकार. वर पडलेली मते, खाली यादीतील नावे. नोकरीपायी पुण्यास किंवा मुंबईस गेलेला मुलगा, सासरी गेलेली मुलगी, वारलेले आजोबा यांची नावे यादीतून वेळेवर निघतातच असे नाही. मग गावात हजर असलेला झाडून सारा मतदार मत देऊन आला, तरी आकडा कमीच दिसावयाचा.

हाच पुण्याचा मुलगा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मात्र न चुकता गावी येतो. कारण उघड आहे. तेथे पक्षाचे चिन्ह नसते; पॅनेल असते, भावकी असते, चुलता किंवा मेहुणा उभा असतो आणि पाच-दहा मतांनी वॉर्ड फिरतो. २०२२ पासून सरपंचाची निवडही पुन्हा थेट मतदारांकडे आली. लोकसभेला त्याच माणसाचे मत लाखोंत एक. तेव्हा त्या दिवशी तो आला नाही, तर त्याला आळशी म्हणण्याची घाई करू नये, त्याने एस.टी.चे भाडे, बुडणारी रोजी आणि मताचे वजन यांचा हिशेब केलेला असतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघात एकंदर सुमारे ५९ टक्के मतदान झाले. त्यातला शहरालगतचा खडकवासला विभाग पन्नाशीच्या थोडा वर राहिला, खुद्द बारामती विभाग सत्तरीला भिडला. घरचा उमेदवार असला की लोकसभासुद्धा ग्रामपंचायतीसारखी लढली जाते!

आता कलाविषयी. मुळशी तालुका भोर विधानसभा मतदारसंघात मोडतो. भोर आणि वेल्हे (म्हणजे आताचा राजगड) हे त्याचे सोबती. येथून २००९, २०१४ आणि २०१९ असे तीनदा काँग्रेसचे संग्राम थोपटे निवडून आले. ७ मे २०२४ रोजी याच मतदारांनी लोकसभेसाठी सुप्रिया सुळे यांना आघाडी दिली. २० नोव्हेंबरला, अवघ्या साडेसहा महिन्यांनी, त्यांनी विरुद्ध गटाचे, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे शंकर मांडेकर यांना विधानसभेत धाडले. मांडेकर मुळशीचे. आपल्या तालुक्याचा आमदार हवा, ही इच्छा येथे पक्षाहून जुनी आहे. 'गाव अमक्याचे' हे विधान म्हणूनच निवडणुकीचे नाव जोडल्याशिवाय अर्थहीन ठरते.

तथापि पुढाऱ्यांना हे विधान फार सोयीचे वाटते, आणि येथेच खरी अडचण आहे. मत गुप्त असते, ते व्यक्तीचे. पण मतदानयंत्राची मोजणी केंद्रवार होते. एका केंद्रावर फार तर हजार-बाराशे मतदार. लहान गाव म्हणजे एकच केंद्र. निकालानंतर नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्राचे आकडे उमेदवारवार प्रसिद्ध होतात. व्यक्ती झाकलेली राहते, गाव उघडे पडते. शहरात एक केंद्र दुसऱ्यात मिसळून जाते, वाडीला तशी सोय नाही. मग रस्त्याचे डांबर किंवा पाण्याची टाकी मागावयास गेलेल्या सरपंचाला 'तुमच्या गावाने आम्हाला काय दिले?' असे विचारणे सोपे जाते. कागदी मतपत्रिकांच्या काळी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. २००४ पासून देशभर यंत्रे आली आणि ती आडोशाची भिंत गेली.

उपाय ठाऊक आहे. अनेक यंत्रांतील मतांची एकत्र बेरीज करणारे टोटलायझर नावाचे उपकरण निवडणूक आयोगाने २००८ साली सुचविले. विधी आयोगाने २०१५ मध्ये त्यास पाठिंबा दिला. केंद्र सरकारने विरोध दर्शविला. केंद्रवार आकडे कळले की पक्षांना कोठे अधिक काम करावयाचे ते समजते, हा त्यामागील एक युक्तिवाद. तो खोटा नाही. मात्र जेथे आपणांस मते पडली नाहीत तेथेच अधिक काम करणारा पुढारी त्यात गृहीत धरलेला आहे. तूर्त केंद्रवार तक्ता निघतोच, आणि त्यात मुळशीतल्या वाड्यावस्त्यांच्या ओळीही असतात.